एफ वन दाब, पुढे चल

पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवजा गावात, मारुतीच्या देवळासमोरच्या गाळ्यात माझं ऑनलाइन अर्जांचं केंद्र आहे. गावात त्याला सगळे सेतूच म्हणतात. सातबारा, आठ अ, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज, लाइटबिल, एसटीचं रिझर्वेशन, सगळं तिथेच. ही गोष्ट २०२३ च्या जुलैतली. ३१ मे ला चौंडीत जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर करण्याची घोषणा नुकतीच झाली होती. लोक अर्जावर नाव काय लिहायचं म्हणून विचारत आणि पुढच्याच वाक्यात ‘नगरला जाऊन येतो’ म्हणत.

त्या साली एक रुपयात पीक विमा पहिल्यांदा आला. शेतकऱ्यानं फक्त एक रुपया भरायचा, बाकीचा हप्ता सरकारचा. केंद्रचालकाला एका अर्जामागे चाळीस रुपये विमा कंपनीकडून मिळायचे. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक आणि पेरा केल्याचं स्वयंघोषणापत्र एवढी कागदं लागत. मुदत ३१ जुलै. पुढे ती ३ ऑगस्टपर्यंत वाढली आणि राज्यभरातून जवळपास १ कोटी ७० लाख अर्ज आले, पण तेव्हा आम्हाला ३१ तारखेपलीकडे काही दिसत नव्हतं. सकाळी शटर उघडायच्या आधी ओट्यावर पिशव्या ओळीनं मांडलेल्या असायच्या. माणूस चहाला गेला तरी पिशवी त्याची जागा धरून बसायची.

माझ्या हाताखाली एक पोरगा होता. बारावी झालेला, सतरा वर्षांचा. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की टोळीबरोबर कोयता उचलायचा आणि पट्टा पडला, हंगाम संपला, की परत यायचं. ते सहा महिने हा आजीजवळ राहायचा आणि शाळा सुटली की माझ्या गाळ्यात. फॉर्म भरायला मी शिकवलं, पण टायपिंग तो माझ्याहून चांगलं करायचा. त्याची एक सवय होती. पडद्यावर जे काही येईल ते तो मोठ्यानं वाचायचा. इंग्रजी असलं तर एकेक अक्षर जुळवत वाचायचा. गर्दीत मला त्याचा वैताग यायचा.

जूनमध्ये, वळवाचा पाऊस झाला त्या आठवड्यात, एका सकाळी संगणक सुरू करताना काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली. त्यानं वाचली, ‘‘सीमॉस बॅटरी लो. दादा, सीमॉस म्हणजे काय?’’

मी बाहेरच्या माणसाचं आधार शोधत होतो. म्हणालो, ‘‘एफ वन दाब आणि पुढे चल.’’

त्यानं एफ वन दाबलं. पडदा उजळला, कामं सुरू झाली. नंतरही दोनतीनदा ती ओळ आली. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

जुलैच्या २८ तारखेला, शुक्रवारी, आदल्या रात्रीपासून लाइट नव्हती. वादळात तारा पडल्या होत्या. इन्व्हर्टर मध्यरात्रीच बसला. पहाटे कधीतरी वीज आली. आठ वाजता मी संगणक लावला. काळा पडदा, पांढऱ्या ओळी, या वेळी दोनतीन. वाचायला वेळ कुणाला होता? एफ वन दाबलं. ब्राउझर उघडला, विम्याच्या पानावर गेलो, आणि पान आलंच नाही. लाल त्रिकोण, इंग्रजी मजकूर. परत फिरलो, दुसरी लिंक दाबली. तेच. बँकेची, तेच. सातबाऱ्याची, तेच. एक जुनं, साधं पान मात्र पटकन उघडलं, आणि त्यानंच माझा घात केला. मला वाटलं, नेट आहे, संगणक बरा आहे, म्हणजे गडबड त्यांच्याकडे. ‘‘सर्व्हर डाऊन आहे,’’ मी बाहेर ओरडून सांगितलं. आमच्या धंद्यात या दोन शब्दांवर कुणी पुढे विचारत नाही. त्या आठवड्यात सर्व्हर खरोखरच जड चालायचा, त्यामुळे सगळ्यांना पटलंही.

नऊ वाजता शेजारच्या गावातल्या केंद्रावरून एकाचा फोन आला. तिथे अर्ज जात होते. आता ‘सर्व्हर डाऊन’ म्हणायची सोय राहिली नाही.

पुढच्या तीन तासांत मी जे जे केलं ते सगळं सांगतो, कारण आज कुठल्याही केंद्रावर, कुठल्याही घरात लिंक उघडली नाही की माणसं हेच करतात. राउटर बंद करून चालू केला. ब्राउझरची सगळी साठवण पुसली, त्यात जतन केलेले पासवर्डही गेले. तरी होईना म्हणून ब्राउझरच काढून टाकला आणि नवा उतरवायला गेलो, तर तो जिथून उतरवायचा ते पानही उघडेना. दुसरा ब्राउझर होता, त्यात गेलो. तिथेही तोच त्रिकोण. खाली बारीक अक्षरात ‘तरीही पुढे जा’ अशा अर्थाची वाट होती, ती धरली. विम्याचं पान अर्धंमुर्धं उघडलं. रंग नाहीत, चित्रं नाहीत आणि लिंका मेल्यासारख्या. दाबलं तरी हूं की चूं नाही. तशा पानावर मी एका शेतकऱ्याचा खातेनंबर भरायला घेतला होता. पुढचं बटण चाललं नाही म्हणून थांबलो. ते चाललं असतं तर मी काय केलं असतं, याचा विचार आजही नकोसा वाटतो. दुसऱ्याच्या पासबुकावर काम करणाऱ्याला ती वाट धरायचा हक्क नाही.

मग मी माणसांवर घसरलो. नेटवाल्याला फोन लावला. त्याचा पोरगा पावसात शिडी घेऊन आला, खांबावर चढला, उतरला, स्वतःच्या मोबाइलवर आमच्याच वायफायवरून विम्याचं पान उघडून दाखवलं. ‘‘दादा, लाइन चांगली आहे,’’ तो म्हणाला. मी म्हणालो, ‘‘म्हणजे मी खोटं बोलतो का?’’ तो शिडी उचलून गेला. त्यानं माझ्या हातात अर्धं उत्तर ठेवलं होतं. एकाच वायफायवर मोबाइलमध्ये पान उघडतंय, म्हणजे नेट बरं आहे आणि सर्व्हरही बरा आहे. दोन्ही ब्राउझरमध्ये उघडत नाही, म्हणजे दोष ब्राउझरचाही नाही. मग उरतं काय? दोन्ही ब्राउझर ज्याच्यावर विसंबून आहेत असं माझ्या संगणकातलंच काहीतरी. दोन मिनिटं शांत बसलो असतो तर एवढं सुचलं असतं. पण ओट्यावर चाळीस माणसं होती आणि मला दोष ठेवायला कुणीतरी हवं होतं.

तो पोरगा समोर होता. आदल्या संध्याकाळी त्यानं स्वतःचा फोटो छापायला पेन ड्राइव्ह लावला होता. मला ते आठवलं आणि मी सगळ्यांदेखत बोललो, ‘‘तुझ्याच पेन ड्राइव्हनं घाण आणली. ज्याला कळत नाही त्यानं हात लावू नये.’’

तो काही म्हणाला नाही. स्टूल टेबलाखाली सरकवलं, चप्पल घातली आणि रांगेच्या कडेनं निघून गेला. ओट्यावरची माणसं गप्प झाली. त्यातले दोघे त्याच्या वडिलांच्या टोळीतले होते.

दुपारी बारापर्यंत निम्मे लोक दुसऱ्या गावाला गेले. उरलेल्यांत एक आजी होत्या. वस्तीवरून तीन किलोमीटर चालत आलेल्या, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. दीड एकर माळरान, त्यात बाजरी आणि तूर, थोडा मूग. मालक वारल्यावर वारसनोंद होऊन सातबारा त्यांच्या नावावर आला होता. गावातल्या बचत गटाचं रजिस्टर त्या लिहितात. प्रौढ वर्गात अक्षरओळख झाली, पण आकडे त्यांना गटानंच शिकवले. दर महिन्याला वीस बायकांचे हप्ते, कर्ज, व्याज, आणि प्रत्येक ओळीला तारीख.

मी त्यांना म्हणालो, ‘‘आजी, अर्ज होईल तेव्हा होईल. तोवर पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र छापून देतो, सही करून ठेवा.’’ त्याचा कोरा नमुना माझ्या संगणकातच होता, त्याला नेट लागत नव्हतं. ब्राउझरमध्येच उघडला आणि छापला.

आजींनी कागद घेतला, चष्मा पुसला. सही कुठे करायची ते दाखवायला मी बोट ठेवलं, पण त्यांची नजर खाली गेलीच नाही. ती वरच्या कोपऱ्यात अडकली होती, जिथे ब्राउझर छापताना आपणहून बारीक अक्षरात तारीख टाकतो.

‘‘बाळा, ही तारीख कशाची?’’

‘‘आजची असती आजी, आपोआप येते.’’

‘‘आजची कशी? शून्य एक, शून्य एक, दोन हजार बारा.’’ त्यांनी कागद लांब धरला, जवळ आणला. ‘‘त्या साली आमचं मालक होतं. त्याच साली पाऊस गेला, जनावरं छावणीत न्यावी लागली. तेच बसायचे दावणीपाशी रात्रभर.’’ मग कागद टेबलावर ठेवून म्हणाल्या, ‘‘या तारखेला विमा काढायचा तर मालकांनीच काढला असता, मला यायचं कामच नव्हतं.’’

त्या हसल्या नाहीत आणि मीही नाही. मी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पाहिलं. वेळ मोबाइलवर बघायची सवय लागल्यापासून त्या कोपऱ्याकडे माझं लक्ष कधी जात नव्हतं. तिथे लिहिलं होतं, १ जानेवारी २०१२. सकाळपासून मी २०१२ सालात बसून २०२३ ची दारं ठोठावत होतो.

काय झालं होतं ते सांगतो. संगणक बंद असला तरी त्याच्या आत एक घड्याळ चालू असतं. मनगटी घड्याळात असतो तसाच गारेचा बारीक स्फटिक, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. त्याला जगवायला मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, ३ व्होल्टचा. त्याचं नाव सीआर २०३२. नावातच त्याचं माप आहे, व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२. भिंतीतल्या प्लगला वीज असते तोवर संगणक घड्याळाला त्या विजेवरच चालवतो, म्हणून सेल संपत आलेला कळत नाही. वीज पूर्ण गेली, इन्व्हर्टरही बसला, की सगळा भार त्या सेलवर. त्या रात्री सेलनं मान टाकली. पहाटे वीज आली तेव्हा घड्याळ बोर्डाच्या मूळ तारखेपासून पुन्हा मोजू लागलं. फरक एवढा मोठा पडला की तो विंडोजला आपोआप भरून काढता आला नाही.

आणि लिंका का उघडेनात? आपण रोज उत्पन्नाचा दाखला काढतो. त्यावर तहसीलदारांची सही असते आणि तो केव्हापासून केव्हापर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. इंटरनेटवरच्या प्रत्येक सुरक्षित पानापाशी असाच एक दाखला असतो. हे पान खरोखर विम्याचंच, खरोखर बँकेचंच, असं सांगणारा. त्यालाही मुदत असते, आणि १ सप्टेंबर २०२० पासून निघालेल्या दाखल्यांची मुदत तेव्हा ३९८ दिवसांहून जास्त नसायची. पान उघडायच्या आधी ब्राउझर तो दाखला हातात घेतो आणि त्यावरची तारीख स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो. माझा ब्राउझर २०१२ सालात उभा होता. त्याच्यापुढे २०२३ चा दाखला आला. अजून उगवलेलाच नाही अशा दिवसाची तारीख असलेला कागद कुठला कारकून घेईल? त्यानं घेतला नाही. जुनं साधं पान उघडलं, कारण त्याच्यापाशी दाखला मागायचा प्रश्नच नव्हता. ज्या पानात मी जबरदस्तीनं शिरलो त्याच्या लिंका मेलेल्या होत्या, कारण त्या चालवणारे तुकडे दुसऱ्या ठिकाणांहून येतात आणि त्यांचे दाखले ब्राउझरनं गुपचूप परत पाठवले होते.

म्हणजे मी ज्याला बिघाड म्हणत होतो तो पहारा होता, आणि तो चोख चालला होता. लाल त्रिकोणाखाली बारीक अक्षरात कारणही लिहिलेलं होतं. लांबलचक इंग्रजी ओळ, आणि तिच्या मध्यावर एक शब्द, ‘डेट’. सकाळपासून किमान पन्नास वेळा ती ओळ माझ्यासमोर आली असेल.

तारीख बदलायला अर्धं मिनिट लागलं. वर्ष, महिना, दिवस, वेळ. विम्याचं पान रंगांसकट उघडलं. आजींचा अर्ज पहिला भरला. पावती छापली तेव्हा त्यांनी आधी वरचा कोपरा पाहिला, मग कागदाची घडी घातली. जाताना म्हणाल्या, ‘‘तो पोरगा कुठं गेला? त्याला सांग आता, बरं झालं म्हणून.’’

संध्याकाळी सातला शटर ओढलं. तिसगावच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे सेल मिळाला. त्यानं तो फडक्यात धरून दिला आणि बजावलं, ‘‘कडेनं धरा, बोटाचा घाम लागला तर लवकर उतरतो.’’ तो खिशात टाकून मी मोटारसायकल पोराच्या वस्तीकडे वळवली.

पत्र्याच्या घरासमोर त्याचे वडील कोयत्याला धार लावत बसले होते. हंगामाला अजून तीन महिने होते. ‘‘या,’’ म्हणाले, पण उठले नाहीत. पोरगा आतून पाणी घेऊन आला आणि तांब्या ठेवून पुन्हा आत गेला. वडील म्हणाले, ‘‘मी ह्याला कधी म्हटलं नव्हतं तोडीला चल म्हणून. आज दुपारी स्वतःच म्हणाला, आण्णा, यंदा माझाही कोयता धरा, मला ते कंप्युटरचं कळत नाही.’’

धार लावायचा आवाज थांबला होता. मी बाजेवर बसलेलो उठलो. मनात आणलं होतं की पोराला बाजूला घेऊन दोन शब्द बोलावेत. पण सकाळी बोललो होतो चाळीस माणसांत. मी त्याला बाहेर बोलावलं आणि त्याच्या वडिलांसमोर, चुलीपाशी बसलेल्या आईसमोर, शेजारून डोकावणाऱ्या टोळीतल्या माणसांसमोर सांगितलं, की पेन ड्राइव्हमध्ये काही नव्हतं. संगणकाचा सेल संपला होता, तारीख अकरा वर्षं मागे गेली होती. ती ओळ यानं जूनमध्येच वाचून दाखवली होती आणि अर्थ विचारला होता. मी त्याला उत्तर दिलं नाही. चूक माझी आहे.

त्यानं वर पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाला, ‘‘म्हणजे सीमॉस म्हणजे घड्याळ?’’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबलो. इतकी वर्षं केंद्र चालवतो, पण मला नीट सांगता येत नव्हतं. ‘‘पक्कं माहीत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘उद्या सकाळी दोघं मिळून बघू.’’

शनिवारी तो आला. संगणकाचा प्लग काढला, डबा उघडला, ब्रशनं धूळ झाडली. बोर्डाच्या कडेला तो सेल चकाकत होता, कुणी कधी हात न लावलेला. पोरानं खटका दाबून तो काढला आणि नवा कडेनं धरून बसवला. शाळेच्या वहीत त्यानं रात्री शोधून लिहून आणलं होतं की सीमॉस हे मुळात एका प्रकारच्या सर्किटचं नाव. अगदी थोड्या विजेवर जगणारं, म्हणून सेलवर चालणाऱ्या संगणकाच्या छोट्या स्मरणालाही तेच नाव चिकटलं. मी ते वाचलं आणि वही त्याला परत दिली.

प्लग लावला. नवा सेल बसवला की पहिल्या वेळी संगणक पुन्हा विचारतोच. काळा पडदा आला, पांढऱ्या ओळी आल्या, शेवटी एफ वन. ओट्यावर पिशव्यांची रांग देवळाच्या पायरीपर्यंत गेली होती. मुदतीला तीन दिवस उरले होते. पोराचं बोट एफ वनवर गेलं, आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी काही बोललो नाही. त्यानं बोट उचललं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला, मोठ्यानं, एकेक अक्षर जुळवत.

‘‘अहो, चालू करा की,’’ बाहेरून कुणीतरी म्हणालं. ‘‘काय चाललंय?’’

‘‘थांबा,’’ मी म्हणालो, ‘‘तो वाचतोय.’’